रिव्हॉल्व्हरची पावती हरवली आहे, पण काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे

वाचकाचं पत्र

ताई, आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे अण्णा, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता वय ७२. त्यांच्याकडे पॉइंट बत्तीसचं कानपूरचं रिव्हॉल्व्हर आहे. १९९८ साली रीतसर परवाना काढून पुण्यातल्या दुकानातून घेतलेलं. परवाना महाराष्ट्र राज्यापुरता आहे. मागच्या महिन्यात रात्री आम्ही दोघं गाडीतून रानातल्या वस्तीवर निघालो होतो. नाकाबंदीत गाडी अडवली. अण्णांनी स्वतःहून परवाना काढून दिला. हवालदारांनी तो बघितला आणि म्हणाले, "हे ठीक आहे, पण खरेदीची पावती कुठंय? हत्यार चोरीचं नाही कशावरून?" पावती आमच्याकडे नाही. घराचं काम चालू असताना कागदांची पेटी भिजली, त्यात ती गेली. ते दुकानही बंद झालंय. अर्ध्या तासाने सोडलं, पण "पुढच्या वेळी पावती जवळ ठेवा" असं बजावलं. तेव्हापासून अण्णांना झोप नाही. आयुष्यभर सरकारची बंदूक सांभाळलेला माणूस, आता म्हणतो, "मला चोर ठरवतील." पावतीशिवाय हत्यार सोबत नेणं गुन्हा आहे का? टेक्सासमधला माझा मावसभाऊ म्हणतो, तिकडे कुणी पावती मागत नाही.

आणखी एक. अण्णांचे गुडघे दुखतात म्हणून हल्ली रात्री वस्तीवर मी एकटाच जातो. तेव्हा रिव्हॉल्व्हर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवतो, परवान्याची झेरॉक्स सोबत असते. पुढच्या महिन्यात बहिणीकडे बेळगावला भाच्याचं लग्न आहे. रात्रीचा प्रवास आहे. तेव्हा नेलं तर चालेल ना?

उत्तर

भाऊ, आधी अण्णांना शांत झोप लागेल असं उत्तर देते. खरेदीची पावती जवळ बाळगलीच पाहिजे असं आपल्या कायद्यात कुठेही नाही. अण्णा चोर ठरत नाहीत आणि त्या रात्री त्यांनी जे केलं, म्हणजे मागायच्या आधीच परवाना काढून दिला, ते अगदी बरोबर केलं. एवढं त्यांना आज जेवताना सांगा.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि पावतीचा प्रश्न मला त्यातला सगळ्यात लहान प्रश्न वाटला. तुम्ही शेवटी "आणखी एक" म्हणून ज्या चार ओळी लिहिल्यात, त्यांनी माझी झोप उडवली. त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. आधी पावतीचं संपवते.

शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम १९ या प्रसंगासाठीच आहे. जो माणूस हत्यार किंवा काडतुसं घेऊन चालला आहे, त्याच्याकडे पोलीस परवाना मागू शकतात. शब्द परवान्याचा आहे, पावतीचा नाही. परवाना दाखवता आला नाही किंवा परवान्याशिवाय हत्यार नेण्याचा हक्क कायद्याने आपल्याला आहे हे दाखवता आलं नाही, तर पोलीस नाव-पत्ता विचारू शकतात आणि गरज वाटली तर हत्यार ताब्यात घेऊ शकतात. नाव-पत्ता द्यायला नकार दिला, किंवा दिलेला खोटा वाटला, किंवा माणूस पळून जाईल असं वाटलं, तर वॉरंटशिवाय अटकही करता येते. "परवान्याशिवाय नेण्याचा हक्क" हे शब्द लक्षात ठेवा, ते पुढे तुमच्याच कामाला येणार आहेत.

मग हवालदारांनी पावती का मागितली असेल? हत्यार चोरीचं असल्याचा खरोखर संशय असेल तर कुठलीही वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना वेगळ्या कायद्याने असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पण तो संशय पावतीने फिटतो त्याहून पक्का फिटतो हत्यारावरच्या नंबराने. परवाना उघडून बघा. त्यात हत्याराचा प्रकार, बोअर (नळीचं माप), बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो. तोच नंबर रिव्हॉल्व्हरच्या धातूवर कोरलेला असतो. दोन्ही नंबर जुळले की ते हत्यार सरकारदरबारी अण्णांच्या नावावर आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. चोरीच्या हत्याराचा नंबर अण्णांच्या परवान्यावर कसा येईल? आणि हा नंबर घासणं, खोडणं, बदलणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तो एवढ्याचसाठी. गावठी कट्ट्याला ना बनवणाऱ्याचं नाव असतं ना नंबर, म्हणून तो सापडला की बोलायला जागाच उरत नाही.

तेव्हा पुन्हा कुणी पावती मागितली तर अण्णांनी शांतपणे एवढंच म्हणावं: "साहेब, परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर ताडून बघा." आवाज चढवायचा नाही, कायद्याची कलमं तोंडावर फेकायची नाहीत. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: नाकाबंदीत हत्याराला स्वतः हात लावायचा नाही. अंधारात एखादा माणूस कमरेकडे हात नेतोय हे समोरच्या शिपायाला कसं दिसतं याचा विचार करा, त्यालाही घरी बायकापोरं आहेत. काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर किंवा मांडीवर दिसतील असे ठेवायचे, आधी तोंडाने सांगायचं की परवानाधारक हत्यार सोबत आहे, अमुक ठिकाणी आहे, आणि ते कसं दाखवायचं ते त्यांनाच विचारायचं. एवढं करूनही हत्यार ताब्यात घेतलंच, तर भांडायचं नाही. पंचनामा होऊ द्यायचा, त्यात नंबर बरोबर लिहिलाय का ते वाचायचं आणि प्रत मागायची. बाकीचं काम वकिलाचं.

परवाना मात्र मूळ हवा. मूळ पुस्तिका अण्णांच्या खिशात असेल तिथेच हत्यार असावं असा नियम घरात करा. झेरॉक्स ही घरच्या फायलीत ठेवायला चांगली. नाक्यावरच्या माणसाने ती मान्य करावी अशी सक्ती त्याच्यावर नाही.

आता मुख्य मुद्दा.

भाऊ, परवाना रिव्हॉल्व्हरला मिळत नाही, माणसाला मिळतो. अण्णांना मिळालाय, तुम्हाला नाही. तुम्ही एकटे ते हत्यार डॅशबोर्डमध्ये टाकून वस्तीवर जाता, तेव्हा कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना अग्निशस्त्र घेऊन फिरणारे आहात. वडिलांचं आहे, घरचं आहे, सोबत झेरॉक्स आहे, यातलं काहीच तुमच्या बाजूने उभं राहत नाही. उलट झेरॉक्सच सांगते की परवाना दुसऱ्याच्या नावावर आहे आणि ते तुम्हाला माहीत होतं. कलम ३ चा भंग आणि कलम २५ खाली शिक्षा. ही शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं झाली, शिवाय दंड. "जास्तीत जास्त" पेक्षा मला "किमान" या शब्दाची भीती जास्त वाटते. आणि ज्याला हत्यार बाळगायचा हक्क नाही त्याच्या हाती ते सोपवणं हाही गुन्हा आहे, म्हणजे अण्णाही यात येतात. त्यांचा परवाना रद्द होऊ शकतो. पावती नसल्यामुळे जे कधीच होणार नाही, ते या डॅशबोर्डमुळे होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, हत्यार माझ्या हातात नव्हतं, कप्प्यात होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच, गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, सांगून ठेवलंय की ताबा म्हणजे वस्तू हातातच असायला हवी असं नाही. ती तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक असणं आणि तिच्यावर तुमचा ताबा चालणं पुरेसं आहे. याच "ठाऊक असणं" या कसोटीवर, बॅगेच्या अस्तरात विसरून राहिलेल्या एखाद्या काडतुसामुळे विमानतळावर पकडले गेलेले कितीतरी लोक न्यायालयातून सुटले आहेत. तुमच्या बाबतीत ती वाट बंद आहे, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की मी ठेवतो. जाता जाता, आजच गाडीचे कप्पे, दाराचे खण, प्रवासाच्या बॅगा सगळं रिकामं करून एखादं काडतूस कुठे राहिलेलं नाही ना ते बघा. न्यायालयातून सुटका होते, पण चुकलेलं विमान आणि ठाण्यात गेलेली रात्र कुणी परत देत नाही.

मी हे एवढं कळवळून का लिहितेय ते सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांची बारा बोअरची बंदूक, तिचा घोडा अडकत होता. मुलगा म्हणाला, मी कोल्हापूरला जातोच आहे, दुरुस्तीला टाकून येतो. बंदूक सुटी करून कापडी पिशवीत घातली, मोटरसायकलला बांधली आणि निघाला. वाटेत तपासणीत सापडला. "वडिलांची आहे, परवाना घरी आहे," तो सांगत राहिला, आणि खरंच सांगत होता. गुरुजी एसटीने परवाना घेऊन ठाण्यात पोचले तोवर पंचनामा होऊन गुन्हा दाखल झाला होता. जामीन लगेच मिळाला. खटला चालला सहा वर्षं. शेवटी मुलगा निर्दोष सुटला, पण मधल्या काळात त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा आडवा आला. ती नोकरी गेली ती गेलीच. निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायरीवर गुरुजी मला म्हणाले, "बाई, मी हजार मुलांना दाखले लिहून दिले. माझ्या मुलाला एक चिठ्ठी लिहून द्यायची राहिली."

ती चिठ्ठी म्हणजे काय? कलम ३ मध्येच एक मोकळीक दिलेली आहे. परवाना नसलेला माणूससुद्धा परवानाधारकाचं हत्यार नेऊ शकतो, पण परवानाधारक सोबत हजर असेल तर, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर. आणि तेही तीनच कारणांसाठी: हत्याराच्या दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा त्या परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. म्हणजे अण्णा गाडीत शेजारी बसलेत, वस्तीवर त्यांना लागणार आहे म्हणून तुम्ही हत्याराची पेटी उचलून गाडीत ठेवली, हे चालतं. अण्णांनी लिहून दिलंय की माझं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला अमुक विक्रेत्याकडे मुलगा नेतोय, हेही चालतं. वर ज्या शब्दांकडे लक्ष ठेवायला सांगितलं ते हेच: परवान्याशिवाय नेण्याचा हक्क. तो दाखवायला हे पत्र लागतं. साध्या कागदावर चालेल, पण त्यात तारीख हवी, तुमचं आणि अण्णांचं नाव हवं, परवान्याचा आणि हत्याराचा नंबर हवा, कुठून कुठे आणि कशासाठी नेताय ते हवं, खाली अण्णांची सही. त्यासोबत मूळ परवाना. "माझा मुलगा माझं हत्यार केव्हाही नेऊ शकतो" असं मोघम, बिनतारखेचं पत्र लिहून गाडीत ठेवून देऊ नका, त्याचा उपयोग होणार नाही.

आणि ज्या कामासाठी तुम्ही सध्या नेता, म्हणजे अण्णा घरी आणि तुम्ही एकटे रात्री राखणीला, ते या तिन्ही कारणांत बसत नाही. कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी बसत नाही. कारण तिथे हत्यार अण्णांच्या वापरासाठी जात नाही, तुमच्या वापरासाठी जातं. म्हणून हे आजपासून बंद करा. वस्तीवरची भीती खरी असते, मी शेतकऱ्याच्या घरातली आहे, रात्रीच्या मोटारीच्या पाळ्या मला माहीत आहेत. तुमच्या स्वतःच्या नावाने परवाना मागायची एक वाट आहे, ती शेवटाकडे सांगते. तोवर शेजारच्या वस्तीवरच्या कुणाला सोबत घ्या, चांगली बॅटरी घ्या, कुत्रं पाळा.

बेळगावचं उत्तर सरळ नाही असं आहे. तुम्ही एकटे असाल तरी नाही आणि अण्णा सोबत असले तरीही नाही. परवाना महाराष्ट्रापुरता आहे असं तुम्हीच लिहिलंय. आपल्या मनात बेळगाव परकं नसलं तरी परवान्याच्या भाषेत कागलच्या पुढे, कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं आणि तिथे अण्णांच्या परवान्याचा अंमल संपतो. पुढे हत्यार नेलं तर परवान्याची अट मोडली हे तर झालंच, त्या राज्यात ते विनापरवाना आणलं असाही आरोप येऊ शकतो. नियमित जावं लागत असेल तर परवान्याचं क्षेत्र वाढवून मिळावं असा अर्ज कारणं देऊन करता येतो. एका लग्नासाठी त्या फंदात पडू नका.

शिवाय ते लग्न आहे. परवान्याच्या छापील अटी कुणी वाचत नाही, म्हणून सांगते: खास परवानगी नसेल तर हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकांच्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात नेता येत नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला कमरेला लावून गेलात तर पाया पडायला गेलात की आणखी कशाला, हे कुणी विचारणार नाही. अट मोडली की कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लग्नात आनंदाने हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही तसं करणार नाही हे मला पत्रावरून कळतं. पण मांडवात कुणीतरी एखादा "मामा, बघू तरी" म्हणून हात पुढे करतो आणि तिथून पुढचं सगळं घडतं. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात राहू द्या.

बाहेर नेताना ते कसं न्यायचं हेही शस्त्र नियम २०१६ मध्ये सांगितलंय: अंगावर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात राहील असं. गाडीचा कप्पा यात बसत नाही. तुम्ही चहाला उतरलात आणि काच फुटली, तर ते रिव्हॉल्व्हर कुणाच्या हातात जाईल आणि त्यातून निघालेली गोळी कुणाला लागेल? अण्णांना या वयात त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसावं लागू नये.

तुमच्या मावसभावाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून, २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. परवानाधारक दुकानातून विकत घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि तो फॉर्म दुकानदाराकडेच राहतो. पण त्याच देशात न्यू जर्सीत, जिथे आपली कितीतरी मराठी माणसं राहतात, पिस्तूल घ्यायच्या आधी खरेदीचा परवाना लागतो आणि ते जवळ घेऊन फिरायला आणखी वेगळा. अमेरिकेत हत्यार बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, १७९१ पासूनचा, आणि वाद होतो तो हक्काच्या मर्यादांवर. आपल्याकडे सुरुवातच मनाईपासून होते आणि परवाना ही त्या मनाईतून दिलेली सूट आहे. म्हणून भावाचा सल्ला प्रेमाने ऐका आणि तिथेच सोडून द्या.

आता पावतीकडे परत येते, कारण जवळ बाळगायची नसली तरी ती घरात असलेली बरी. हत्यार विकायचं झालं, परवान्यात नंबर लिहिताना एखादा आकडा चुकलेला निघाला, हत्यार चोरीला गेलं, वारसाच्या नावावर करायचं झालं, अशा वेळी तिची आठवण येते. दुकान बंद झालं म्हणून सगळं संपलं असं नाही. १९९८ साली अण्णांनी हत्यार घेतल्यावर त्याची नोंद परवान्यावर झाली, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात त्यांची फाईल आहे. तुमच्या बाबतीत ते साताऱ्याचं जिल्हाधिकारी कार्यालय, तिथली गृह शाखा. (पुणे, मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत हे काम पोलीस आयुक्तांकडे असतं, पुण्याचे वाचक विचारतील म्हणून सांगते.) अण्णांच्या सहीने साधा अर्ज द्या की खरेदीची पावती पाण्याने नष्ट झाली आहे, कृपया माझ्या परवान्याच्या फाईलमधील हत्याराच्या नोंदीची प्रमाणित प्रत मिळावी. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. ती प्रत पावतीपेक्षा वजनदार आहे, कारण पावतीवर दुकानदाराची सही असते आणि हिच्यावर सरकारी कार्यालयाची.

तिथे गेलात की त्याच खिडकीवर दोन गोष्टी तपासून घ्या. एक, अण्णांच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदवहीतला क्रमांक, आहे का. जुने परवाने संगणकावर चढवताना हा क्रमांक देण्यात आला आणि तो नसलेला परवाना वैध धरला जात नाही. निवृत्त माणसांचे परवाने यातच अडकलेले मी पाहिलेत. दुसरी गोष्ट तुमच्या भल्याची आहे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० पूर्ण झालं, किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याला हयातीतच आपल्या वारसाचं नाव देता येतं आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. अण्णांचं वय ७२ आहे आणि हत्याराला २५ वर्षं केव्हाच होऊन गेली. दोन्ही दारं उघडी आहेत. तुम्ही रीतसर अर्ज करा. पोलीस पडताळणी होईल, वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. मिळेलच असं मी म्हणत नाही, तो अधिकाऱ्यांचा निर्णय असतो. पण मिळाला तर रात्री वस्तीवर जाताना तुम्हाला कुणाची झेरॉक्स लागणार नाही. कार्यालयात बाकीच्या वारसांची ना हरकतही मागतात. लग्नाला जाताय तर बहिणीशी बोलून तिची सही घेऊन या. बेळगावला नेण्याचा आणि आणण्याचा कागद हाच.

हे काम अण्णांच्या हयातीत करा असा माझा आग्रह आहे. वडील गेल्यावर हत्यार घरात ठेवणाऱ्या माणसाला ते बेकायदा आहे हे कित्येक महिने कळतही नाही. परवाना त्यांच्यासोबत संपतो, आणि कलम २१ प्रमाणे हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेराव्याच्या गडबडीत हे कुणाला सुचत नाही. निवडणुकीत आचारसंहिता लागल्यावर जमा करायची नोटीस आली तरी गोष्ट तीच: द्या, पोच घ्या, आणि पोच परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवा.

शेवटी, तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. अण्णांच्या परवान्याची मुदत कधी संपते? पूर्वी तीन वर्षांनी नूतनीकरण असायचं, २०१९ नंतर ते पाच वर्षांवर गेलं, आणि या बदलात तारखेचा घोळ झालेले लोक मला दर वर्षी भेटतात. मुदत संपली असेल तर आजवर दाखवलेला परवाना नुसता कागद आहे. हे वाचून झालं की पुस्तिका काढा आणि ती तारीख बघा. मुदत उरली असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन महिने आधी खूण करून ठेवा. संपली असेल तर उद्या सकाळी अण्णांना घेऊन आधी ठाण्यात हत्यार जमा करा, मग कार्यालयात जा, आणि मला लगेच कळवा.